तळहातावरचे टक्के

"लावा जोर."

डॉक्टरांनी दिपमालाच्या डाव्या तळपायाला आपला पंजा टेकवला. ती टेबलावर उताणी होती, नजर छताच्या पंख्यावर. तिने जोर लावला, पण असा, की पायावरची माशीही उडाली नसती.

"एवढाच?"

"हो, सर."

तिचा बाप, सुकदेव, दाराशी उभा राहून भिंतीकडे बघत होता. हे नाटक त्यानेच शिकवलेलं होतं. सकाळी एरंडोलहून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात येताना एस.टी.त तो तिच्या कानाशी लागून म्हणाला होता, "आज जोर लावू नको, बेटा. पाय ढिला ठेव." एवढी दोन वाक्यं बोलायला त्याला पाळधी गाव येईपर्यंतचा रस्ता लागला.

सुकदेव गावच्या डेअरीत फॅट लावायचा, म्हणजे दुधात स्निग्धांश किती टक्के ते मोजायचा. बावीस वर्षं हेच काम. सख्ख्या मेव्हण्याच्या दुधालाही त्याने कधी एक पॉइंट वाढवून दिला नाही. मेव्हणा दोन वर्षं बोलत नव्हता. "मशीनवर जे दिसलं ते मी लिहितो," एवढंच त्याचं उत्तर. टक्क्यांचं वेड असं, की भाजीत मीठ ऐंशी टक्के, एस.टी. वेळेवर येण्याचा भरवसा वीस टक्के. पोरंसोरं त्याला टक्केआबा म्हणत. त्याला ते आवडायचंही.

दिपमाला सात वर्षांची असताना बैलगाडीवरून पडली. मांडीचं हाड वेडंवाकडं जुळलं, पाय आखूड राहिला आणि वाळत गेला. तेव्हापासून रोज सकाळी डेअरीतून आल्यावर सुकदेव ओट्यावर बसे, तळहात पुढे करी आणि ती त्यावर पाय रोवी. "लाव जोर! आखो लाव, अजून लाव!" ती दातओठ खाऊन रेटायची. मग विचारायची, "आबा, आज किती?"

पहिल्या महिन्यात उत्तर असायचं, "चार टक्के." खोटं तो लेकीलाही सांगत नसे. पोर रडायची आणि पुढच्या आठवड्यात पाच करून दाखवायची. गेल्या पाडव्याला तर तिने रेटून त्याला ओट्यावर मागे सरकवलं. तो "पंच्याण्णव!" म्हणून असा ओरडला, की तिची आई, प्रमिलाबाई, घाबरून बाहेर आली. मग आईनेच सगळ्या गल्लीला चहा पाजला.

घात झाला तो त्या पंच्याण्णवामुळेच. पाच वर्षांपूर्वी दिपमालाला बेचाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला मिळाला होता, पण तात्पुरता. आता लिपिकाच्या परीक्षेत दिव्यांगांच्या राखीव जागेवर तिचं नाव लागलं होतं. चार वर्षं तिने पुस्तकांत डोकं घातलं होतं. फक्त नवा दाखला द्यायचा होता, किमान चाळीस टक्क्यांचा. पायात जोर जितका जास्त, तितके दाखल्यावरचे टक्के कमी. एका टक्क्याने जरी कमी भरलं, तरी नाव खोडलं जाणार होतं.

डॉक्टरांनी पुन्हा दाबून पाहिलं आणि बाजूच्या माणसाला सांगितलं, "लिहा. घोट्यात दम नाही. पाय जवळजवळ निकामी."

डॉक्टर वाईट मनाने बोलले नव्हते. पण निकामी हा शब्द सोळा वर्षांत सुकदेवच्या घरात कुणी काढला नव्हता. आता गप्प राहायचं आहे, हे त्याला शंभर टक्के कळत होतं. जिभेला हाड नसतं हेच खरं.

"निकामी नही, सायेब! रोज मना हातवर पाय रेटस ती. पंच्याण्णव टक्के जोर शे तिना पायमा!"

दिपमालाची नजर पंख्यावरून खाली आली आणि बापावर थांबली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आणखी काय असतं!

"ताई, खरा जोर लावा," डॉक्टर म्हणाले.

तिने लावला. डॉक्टरांचा हात मागे गेला. "शाबास," ते सवयीने म्हणून गेले, आणि मग त्यांनाच कसंतरी झालं. कागदावर बेरीज झाली. आखूडपणाचे इतके, खुब्याचे इतके, कमी ताकदीचे इतके.

"अडतीस."

सुकदेवने हात जोडले. "सायेब, दोनच टक्का! शंभर लिटरमा दोन लिटर! मी खोटं बोलनू, तिना पायमा काही जोर नही."

"आबा, मी हाताने पाहिलं," डॉक्टर हळूच म्हणाले. "पाहिलं ते लिहावं लागतं."

बावीस वर्षं सुकदेव दुसऱ्यांना हेच ऐकवत आला होता.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. पाळधी मागे पडल्यावर तो म्हणाला, "मना तोंडले आग लागो, बेटा."

"तुम्ही खरंच बोलनात," ती म्हणाली. मग बाहेर बघतच म्हणाली, "पण आज तेवढं नको व्हतं, आबा."

ती भांडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी डेअरी उरकून तो ओट्यावर येऊन बसला. हात पुढे करायची छाती झाली नाही. हात मांडीवर उपडा ठेवून तो रस्त्याकडे बघत राहिला. दिपमाला आली, समोर बसली. तिनेच त्याचा हात उताणा केला आणि त्यावर पाय ठेवला. प्रमिलाबाई चहाचा कप घेऊन दारातच थांबली.

सुकदेव वाट बघत राहिला. पाय त्याच्या हातावर नुसता पडून होता, कोमट आणि हलका. ती रेटत नव्हती.

"आबा, आज किती?"

टक्केआबाला आकडा सांगता आला नाही. चहा निवून गेला तरी त्याने हात मागे घेतला नाही.