मेणातला कोंडाजी

विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात, ती हर्षदला सुचली बाटलीवर नाव लिहिताना. अलिबागच्या एका लॅबमध्ये तो तपासणीला आलेले मांसाचे तुकडे मेणात बसवून कापायचा. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, आणि सगळ्यांची बोटं त्याच्या बायकोकडे, नूतनकडे. शेवटी डॉक्टरांनी त्याच्याच वृषणाचा तांदळाएवढा तुकडा काढला. तो तपासायला येणार त्याच्याच लॅबमध्ये! चारचौघांत शोभा नको म्हणून त्याने तुकड्याच्या बाटलीवर भलतंच नाव घातलं: कोंडाजी, रेवदंडा. कोंडाजी गेल्या वर्षी होडीसकट बुडाला होता, प्रेतही मिळालं नव्हतं. मेलेल्याला कसली आलीय लाज!

स्लाइड त्याने स्वतःच रंगवली आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. गोल गोल नलिका. भिंतीपासून आतवर शुक्रपेशींचे थर दिसायला हवेत, मधोमध शुक्राणूंच्या शेपट्या. इथे नुसत्या पोसणाऱ्या पेशी उभ्या, पोसायला कुणीच नाही. नलिकांच्या मधल्या, पुरुषी संप्रेरक बनवणाऱ्या पेशी मात्र ठणठणीत. म्हणून तर मिशी होती, आवाज होता. अगदी कडेच्या एका नलिकेत शेपट्यांचा झुबका दिसला. एकच. म्हणजे बाप होण्याची आशा होती. हर्षद रडलाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोंडाजीची आई, कोकिळा, दारात उभी. लॅबमधली केसर रेवदंड्याचीच. वहीतलं नाव वाचून तिनेच निरोप धाडला होता.

"माझ्या कोंड्याचा तुकडा गावला म्हनं. दे मला. प्रेत न्हाय म्हून पुतळा जाळायचा हाय, त्यात घालीन."

खरं सांगायला हर्षदने तोंड उघडलं. पण केसर बघत होती. त्याने तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा म्हातारीच्या ओंजळीत ठेवला.

"अग्नी द्यायला तूच चल. मला दुसरं कोन न्हाय."

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर भर उन्हात दर्भाचा पुतळा निजवला होता, ठोकळा त्याच्या पोटावर. भटजींनी कोंडाजीचं नाव घेतलं आणि हर्षदने आपल्याच मांसाला अग्नी दिला. मेण भसकन पेटलं.

कोकिळेने हात जोडले. "सुटला गं माझा पोर. आता त्याच्या मागं काय ऱ्हायलं न्हाय."

जाळापासून हातभरावर उभ्या हर्षदच्या जांघेत गारठा शिरला. तो घाबरला, भयंकर घाबरला. लाज सोडून, सगळ्यांदेखत त्याने तिथे हात नेला. टाके बोटांना लागत होते. पण बोटं लागल्याचं तिथे काहीच कळत नव्हतं.