कुर्लीचा पिवळा अंगरखा

वालावलच्या जानकीने अर्ध्या गावाचे ब्लाउज शिवले होते, पण चार पायांचं गिऱ्हाईक तिच्या मशीनपुढे पहिल्यांदाच आलं. तिची कुत्री खेकड्यासारखी तिरकी चालायची, म्हणून नाव कुर्ली. गुरांच्या डॉक्टरांनी कुर्लीचं ऑपरेशन केलं आणि बजावलं, "टाके चाटू देऊ नका." गळ्यात घातलेलं प्लास्टिकचं नरसाळं तिने पहिल्याच दिवशी चौकटीवर आपटून फोडलं.

जानकीने ब्लाउजपीसच्या उरलेल्या कापडाचा झगा शिवला. कुर्ली खाली बसली आणि झगा पाठीवर टर्रकन फाटला.

ताणलं जाणारंच कापड हवं होतं. नवऱ्याचा, मंगेशचा, पिवळा टी-शर्ट दोरीवर वाळत होता.

"माझोच कित्याक?" मंगेश कळवळला.

"तुमच्या पोटार ताणूक शिकलो आसा तो," म्हणत जानकीने कात्री चालवली.

पण मशीन बिथरलं. चार टाके पडत, दोन सुटत. वीस वर्षं मशीन चालवून आपण टी-शर्टच्या कापडापुढे हरलो, हे जानकीला फार झोंबलं. दुसऱ्या दिवशी ती कुडाळला गेली. दुकानदाराने गोल टोकाची सुई दिली. "ही कापडाला भोक पाडत नाही, विणीतून वाट काढते. टाका झिगझॅग घाला, शिवण ताणली तरी तुटणार नाही."

घरी आल्यावर टाके सुटेनात, पण शिवण लाटांसारखी वरखाली. जानकीने मान वळवली. मंगेश मागून कापड खेचत होता.

"अवो, वडू नकात!"

"मदत करतंय गो."

"मशीन कापड आपणच पुढे नेता. तुमी कुर्लीक धरा."

लाटांची शिवण उसवून तिने खाली वर्तमानपत्राची पट्टी घेतली, हात हलका ठेवला आणि कापड सरळ पुढे गेलं. जानकी स्वतःशीच हसली.

अंगरखा अंगात जाताच कुर्ली क्षणभर रुसून उभी राहिली, मग तिरकी तिरकी घरापुढच्या खळ्यात निघाली. तेवढ्यात शेजारची विनीता ब्लाउजचं माप द्यायला आली. कुर्ली तिच्यासमोर धुळीत लोळून उठली, तरी एक टाका हलला नाही.

"कुत्र्याचो बरो बसलो गो," विनीता म्हणाली. "माझे ब्लाउज मात्र कमरेत काचतत."

जानकीने टेप तिच्या कमरेभोवती टाकली. "माप देताना कुर्लीन पोट आत घेवक नाय."

विनीताने श्वास सोडला. टेप दीड इंच सरकली.