नऊ नगांची राखण

बॅगेला कुलूप लावून जो निर्धास्त झोपतो, त्याच्याइतका भोळा माणूस जगात नाही. हे मी एकोणतीस वर्षं सांगत आलेय आणि एकोणतीस वर्षं माझं कुणीही ऐकलेलं नाही. मी बॅगा दुरुस्त करते. तुटलेली चाकं, निखळलेली हँडलं आणि मुख्य म्हणजे चेन. चेन बदलते, चेनवर पुढेमागे सरकतो तो रनर बदलते, वाकलेले दात सरळ करते. बाजारात मला चेनवाली म्हणतात आणि त्याचं मला काही वाटत नाही. माझे भाऊजी मात्र तो शब्द असा लांबवून म्हणतात की ऐकून डोकंच फिरतं.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. चौतीस वर्षं बँकेत तिजोरी सांभाळत होते आणि त्या चौतीस वर्षांत एक टाचणी इकडची तिकडे झाली नाही, हे ते ओळख झाल्यापासून पाचव्या मिनिटाला सांगतात. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. घरातला गॅस, नळ, खिडक्या, सगळ्यांवर दिवसातून चार फेऱ्या. हात लावायचा, ‘ठीक’ म्हणायचं, पुढे जायचं. आम्ही मागून त्यांना तिजोरीच म्हणतो.

त्यांची मुलगी, माझी भाची, चांदीचं काम करते. आधी एका दागिन्यांच्या दुकानात पॉलिशला होती. सकाळी नऊ ते रात्री आठ दुसऱ्यांचे दागिने घासायचे. एक दिवस उठली आणि म्हणाली, मला माझं स्वतःचं घडवायचंय. घरात जे रामायण झालं ते विचारू नका. शेवटी भाऊजींनी अट घातली: एक वर्ष देतो, वर्षात कुणी विचारलं नाही तर मुकाट्याने दुकानात परत. दुकानाच्या मालकालाही तसं सांगून ठेवलं, जागा राखून ठेवायला लावली. त्यानंतर वर्षभर त्यांनी मागच्या खोलीत, तिच्या टेबलापाशी, पाऊल टाकलं नाही. भाचीला तेच सगळ्यात जास्त लागलं होतं. मला म्हणायची, मावशी, रागावले असते तरी चाललं असतं, पण त्यांनी एकदा बघायला तर यायचं.

वर्ष संपायला अकरा दिवस होते तेव्हा मोठ्या शहरातल्या एका शोरूमकडून बोलावणं आलं. तिने वर्षभरात घडवलेल्या नऊ चांदीच्या ब्रोचचे, म्हणजे कपड्याला टाचायच्या दागिन्यांचे, फोटो तिथल्या मालकीणबाईंना आवडले होते. पण फोटोवरून त्या काही घेत नाहीत, वस्तू हातात घेऊन बघायच्या होत्या. नऊच्या नऊ ब्रोच घेऊन गुरुवारी पाचला या, म्हणाल्या. शुक्रवारी त्या परदेशी जाणार होत्या. म्हणजे गुरुवार हुकला की दुकान ठरलेलं.

आता हे नऊ ब्रोच रेल्वेने आठ तास न्यायचे कसे, यावर घरात परिषद बसली. भाऊजींनी आदल्याच दिवशी एक चकचकीत नवी बॅग आणली होती, तीन आकड्यांच्या कुलपासकट. ती दिवाणखान्याच्या मधोमध ठेवून मला म्हणाले, बघ, याला म्हणतात बंदोबस्त.

मी त्यांच्याच खिशातलं बॉलपेन काढलं, चेनच्या दातांत टोक रोवलं आणि दाबलं. बॅग उघडली. आतला त्यांचा बनियन काढून टेबलावर ठेवला. मग कुलपात अडकलेले दोन्ही रनर तसेच धरून चेनवरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. बॅग बंद झाली, कुणी हातही लावला नसावा अशी. कुलूप जागच्या जागी. ताई हसून हसून खुर्चीत कलंडली.

भाऊजींनी बनियन उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाले, तुला येतं म्हणून चोराला येतं असं नाही. आणि बाहेर जाऊन आणखी दोन कुलपं घेऊन आले. आता काय बोलणार, कपाळ माझं!

पण मला खरी भीती कुलपांची नव्हती, त्यांच्या फेऱ्यांची होती. गाडीत बसल्यावर हा माणूस दर अर्ध्या तासाने उठणार, त्या बॅगेला हात लावणार आणि ‘ठीक’ म्हणणार. अख्ख्या डब्याला कळणार की माल कुठे आहे. मी त्यांना सांगून पाहिलं, भाऊजी, हे हात दाखवून अवलक्षण आहे. तर मलाच धडा मिळाला: राखण म्हणजे फेरी, फेरी चुकली की माल गेला. तिजोरीच्या खोलीत ते खरंही असेल. तिथे चार भिंती असतात आणि बाहेर बंदूकवाला असतो.

मग मी भाचीला बाजूला घेतलं. माझी कामाची पिशवी दाखवली. कॅनव्हासची, मेणाने आणि तेलाने काळी पडलेली, एका बंदाला तार गुंडाळलेली. ती रस्त्यात टाकली तर भंगारवालासुद्धा ओलांडून जाईल. आत पकडी, दाभण, दोरे आणि मीटरवर विकायच्या चेनचे रोल. आम्ही दोघींनी एकेक ब्रोच मऊ कापडात गुंडाळला आणि त्याच्याभोवती चेन गुंडाळत गेलो. नऊ ब्रोच, नऊ रोल. भाऊजींनी बॅगेत ठेवायला काढलेल्या लाकडी पेटीत, जिच्यात चांदी आहे असं ते धरून चालले होते, मी मोडके रनर भरले, हाताला वजन सारखं लागेपर्यंत. एकोणतीस वर्षांत माझ्याकडे दुसरं काही साठलं नसेल, मोडके रनर भरपूर साठलेत.

भाचीने विचारलं, बाबांना सांगायचं नाही? मी म्हटलं, सांगितलं तर ते माझ्या पिशवीला हात लावत बसतील. ते मनापासून बॅग राखतील म्हणूनच कुणी पिशवीकडे बघणार नाही. तिला ते पटलं, पण आवडलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पूर्ण आवडलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी साडेसातला गाडीत बसलो. ताईचे गुडघे धरलेले, ती घरीच राहिली. समोर एक गृहस्थ होते, कडक इस्त्रीचा शर्ट, सोनेरी काडीचा चष्मा, बोलणं लोण्यासारखं. बॅग वर ठेवायला त्यांनीच हात दिला. भाऊजींना असा श्रोता हवाच होता. पाचव्या मिनिटाला चौतीस वर्षं आणि टाचणी झाली. पुढे अर्ध्या तासाने पहिली फेरी. उठले, तिन्ही कुलपांना हात लावला, ठीक. मग दुसरी, मग तिसरी. इस्त्रीवाले गृहस्थ कौतुकाने बघत होते. माझी पिशवी माझ्या पायांशी होती आणि त्यांनी मघाशी तिच्यावर चुकून पाय दिला तेव्हा स्वतःचा बूट पुसून घेतला होता.

सहा तास असे गेले. मग एका स्टेशनवर गाडी पंधरा मिनिटं थांबली. मी पिशवी खांद्याला लावून पाणी भरायला उतरले. भाची आईला फोन करायला दारापाशी गेली. आणि भाऊजी, सकाळी चारपासून जागे असलेले भाऊजी, पेंगले. मी परत आले तेव्हा समोरची जागा रिकामी होती, सीटवर अर्धवट वाचलेला पेपर.

बॅग वर होती. तिन्ही कुलपं होती. भाऊजी जागे होऊन हात लावून ‘ठीक’ म्हणालेसुद्धा. पण मी निघताना दोन्ही रनर डाव्या कोपऱ्यात ठेवले होते, आता ते उजवीकडे होते. आणि चेनच्या पट्टीवर निळ्या शाईचा एक ठिपका होता. चला, म्हणजे चोराला येतं.

मी म्हटलं, भाऊजी, बॅग खाली घ्या. त्यांनी कुलपं उघडली. पेटी नव्हती.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं, हे मी आजही कबूल करते. पण असला चोर एकटा नसतो, हे माझ्या बाजारातलं शहाणपण. त्याचा कुणी जोडीदार डब्यात बसून ऐकत असेल आणि त्याला कळलं की चांदी अजून इथेच आहे, तर? म्हणून मी भाचीचा हात दाबला आणि तिने ओठ मिटले. शेवटचं स्टेशन यायला दोन तास होते. ते दोन तास भाऊजी फक्त रिकाम्या बॅगेची चेन उघडत होते आणि लावत होते.

गाडीतून उतरल्यावर मी काही बोलायच्या आत ते तडक रेल्वे पोलिसांच्या खोलीत शिरले. आम्ही मागे धावलो. टेबलामागच्या हवालदाराने कागद ओढला आणि सवयीच्या सुरात विचारलं, काय गेलं? मी तोंड उघडलं, पण भाऊजींनी बोलायला सुरुवात केली होती.

“चांदीचे ब्रोच. नग नऊ,” ते म्हणाले. “एक. गोगलगाय. शंखाला साडेतीन वेढे, शेवटचा वेढा मुद्दाम खडबडीत ठेवलाय. दोन. वाटाण्याची शेंग, आत पाच दाणे. चौथा दाणा लहान आहे, कारण त्या आठवड्यात चांदी संपली होती आणि तिने माझ्याकडे मागितली नाही. तीन. पीस. ते चार वेळा वितळवून पुन्हा केलंय. चौथं सगळ्यात चांगलं झालं.”

हवालदाराचं पेन थांबलं. भाऊजी थांबले नाहीत. दोरीची गाठ, तिला कुठे सुरुवात नाही आणि कुठे शेवट नाही. पतंगाचा डावा पंख उजव्यापेक्षा केसभर वर, त्यामुळे तो आता उडेल असं वाटतं. असे नऊच्या नऊ. कुठेही अडखळले नाहीत.

भाची भिंतीला टेकून उभी होती. “बाबा, तुम्ही कधी बघितलंत?”

“तू आंघोळीला गेलीस की रोज,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. “ड्रॉवर उघडायचो, मोजायचो, बघायचो, परत ठेवायचो. वर्षभर. तुला सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी करायला लागली असतीस.” आणि मग त्या माणसाने, चौतीस वर्षांत ज्याची एक टाचणी हरवली नाही त्याने, दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “माझ्या हातून गेलं गं.”

मला पुढे राहवलं नाही. पिशवी हवालदाराच्या टेबलावर उपडी केली. पकडी, दाभण, मेण, सगळं त्याच्या कागदांवर. लाल चेनचा रोल उचलला आणि सोडला. गोगलगाय बाहेर आली. हिरवा सोडला, शेंग. भाची रडत रडत दुसऱ्या बाजूने सोडायला लागली. टेबलभर रंगीत चेन लोळत होत्या आणि मधे नऊ नग चमकत होते. भाऊजी बोट लावून मोजत होते. दोनदा मोजले.

हवालदाराने विचारलं, मग चोरीला नेमकं गेलं काय?

मी सांगितलं. अर्धा किलो मोडके रनर.

तो इतका हसला की शेजारच्या खोलीतले दोघे बघायला आले. लिहिलेला कागद फाडला, इस्त्रीवाल्याचं वर्णन मात्र नीट उतरवून घेतलं. भाऊजी माझ्याकडे वळले. मी शिव्या खायची तयारी केली, हक्काच्याच होत्या. पण ते एवढंच म्हणाले, “मेहुणीबाई, मला सांगितलं असतंस तर मी खोटी राखण करू शकलो नसतो.” मी मान हलवली. एकोणतीस वर्षांत माझं कुणीतरी ऐकलं होतं.

शोरूममध्ये पोहोचलो तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती. मालकीणबाई बारीक चणीच्या, चष्मा गळ्यात, बोलणं मोजकं. नऊ ब्रोच काळ्या कापडावर मांडले. त्यांनी एकेक उचलला, मागून बघितला, पिन उघडून लावून बघितली. शेवटी त्यांनी सात एका बाजूला सारले आणि दोन परत ढकलले. हे सात ठेवते म्हणाल्या, हे दोन आमच्या गिऱ्हाइकांना चालणार नाहीत.

मला वाटलं, सात म्हणजे लॉटरी लागली! घे बाई आणि सही कर. आमची भाची म्हणजे बसमध्ये सुटे पैसे मागायलाही घाबरणारी मुलगी. तिने एकदा बापाकडे बघितलं. मग ते दोन्ही नग उचलून सातांच्या शेजारी ठेवले.

“हे नऊ एकत्रच राहतील,” ती म्हणाली. “सगळे जमत नसतील तर मी सगळे परत नेते.”

मालकीणबाईंनी चष्मा डोळ्यांना लावला आणि ब्रोचकडे नाही, भाचीकडे बघितलं. मग वही पुढे ओढली आणि लिहिता लिहिता विचारलं, नऊ. आणि पुढचे नऊ कधी देशील?

बाहेर आलो तर रस्त्यावर ऑफिसं सुटल्याची गर्दी. भाऊजी दाराबाहेरच थांबले, खिशातून फोन काढला आणि दुकानाच्या मालकाला लावला. नेहमीच्या तिजोरीच्या आवाजात, ठासून, येणारीजाणारी माणसं वळून बघतील इतक्या मोठ्याने म्हणाले, तिची जागा दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका, माझी मुलगी आता परत येणार नाही.