चोवीस अंश, पण कोणाचे?

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. पार्माजवळच्या एका गावात, चीज करण्याच्या कारखान्यात, तांब्याच्या मोठ्या कढईशेजारी मी खिळ्याला टांगलेला असतो. माझ्या अंगावर शंभर खुणा शोधू नका. मी रेओम्यूरच्या मापाचा. माझ्या हिशेबी पाणी शून्यावर गोठते आणि ऐंशीवर उकळते. जगाने हे माप केव्हाच टाकले, पण आमच्या चीजवाल्यांनी ते सोडले नाही.

कारखान्याचा मुख्य ओर्मेस मला रोज स्वतः पुसत असे. "माझी बायको एक वेळ थाप मारेल, पण ही नळी नाही!" असे तो चारचौघांत म्हणे. मलाही त्याची सवय झाली होती.

माझा जोडीदार म्हणजे दुधाची घनता सांगणारा काचेचा तरंगा. तो एकतीसवर थांबला की लिटरभर दूध एक हजार एकतीस ग्रॅम भरते; आमच्याकडे त्याहून कमी भरले तर दुधात पाणी आहे असे धरत. पाणी घातले की तो खाली जातो आणि आकडा घटतो. पण ऊन दूध फुगून हलके होते, तेव्हाही तो खालीच जातो, बिचारा. म्हणून माझा आकडा पाहून त्याच्या आकड्यात भर घालावी लागे. किती घालायची, त्याचा तक्ता भिंतीवर होता. जुना तक्ता वाफेने गळून पडला आणि शहरातून नवा आला.

त्याच आठवड्यात दोन गायींवर घर चालवणारी विधवा दिर्चे ताजे दूध घेऊन आली. तरंग्याने अठ्ठावीस दाखवले, मी चोवीस. ओर्मेसने तक्त्यात चोवीस शोधले आणि दोन मिळवले.

"तीस! दिर्चे, दुधात पाणी आहे. उद्यापासून तुझं दूध बंद."

सगळ्यांनी ऐकले. पंचक्रोशीत दूध घेणारे दुसरे कोणी नव्हते.

"पाणी? अरे, धार काढून थेट इथंच आले मी!"

"नळी खोटं बोलत नाही."

"दे इकडे तुझी ती सत्यवादी नळी!" म्हणत दिर्चेने मला ओढले आणि सरळ काखेत धरले. लोक हसू लागले. थोड्या वेळाने तिने मला ओर्मेसच्या नाकासमोर धरले. "किती?"

"एकोणतीस."

"डॉक्टरच्या नळीवर धडधाकट माणूस सदतीस असतो. मग मी काय मेले? आणि शहरातला तुझा हा कागद कोणाच्या नळीचा, तुझ्या की डॉक्टरच्या?"

ओर्मेसने तक्त्याचा माथा प्रथमच नीट वाचला. तिथे सेल्सिअस लिहिले होते, ज्यात पाणी शंभरावर उकळते; जुना तक्ता माझ्या मापाचा होता. माझे चोवीस म्हणजे तिथले तीस. तिथे भर होती तीनची. अठ्ठावीस आणि तीन, एकतीस.

तो हळूच म्हणाला, "बरोबर आहे तुझं."

"मघाशी ज्या आवाजात बोललास, त्याच आवाजात सांग."

ओर्मेसचे कान लाल झाले. मग तो रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, "दिर्चेचं दूध चोख आहे! चूक माझी!" आणि त्याने तिचे दूध स्वतःच्या हाताने कढईत ओतले.

मित्रांनो, आता माझ्या खुणा पुसट झाल्या आहेत आणि मला कोणी फारसे विचारत नाही. त्याचे दुःख नाही. पण कोणाला खोटे ठरवण्याआधी हातातल्या आकड्याचे माप कोणते, एवढे विचारा. मी त्या दिवशी खरेच बोललो होतो, तरी एका घराची चूल विझायची वेळ आली होती.