पॅकेजमध्ये विसरून राहिलेली लायब्ररी

मी एक जुनी लायब्ररी आहे. थांबा मित्रांनो, पुस्तकांची कपाटं डोळ्यांपुढे आणू नका! मी कॉम्प्युटरच्या आतली लायब्ररी, म्हणजे एकदा नीट लिहून ठेवलेला कोड. पुष्कळ प्रोग्रामना एकच काम करायचं असतं. ते प्रत्येकानं नव्यानं लिहीत बसण्यापेक्षा सगळे माझ्यासारखीला हाक मारतात. माझं काम फोटो उघडण्याचं. दाबून लहान केलेली फाइल हाती आली, की मी तिची घडी उलगडते आणि पडद्यावर चित्र उमटतं!

मला लिहिलं गणिताच्या एका बाईंनी. शाळेला सुट्टी लागली, की त्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसत. "ताटं काय तुझ्या डोक्यावर ठेवू?" असं त्यांचे यजमान विचारत. मी पहिलं चित्र उघडलं, तेव्हा बाई अशा काही ओरडल्या, की बिचारे हातातल्या पळीसकट धावत आले. पुढे बाईंनी मला सगळ्यांसाठी फुकट खुली केली. लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर मला सामायिक जागा मिळाली. एकच लायब्ररी, आणि हवं त्या प्रोग्रामनं तिला बोलवायचं.

त्या सुमारास एक प्रोग्रामर डोंगरातल्या बचाव पथकासाठी प्रोग्राम तयार करत होता. नकाशा, पथकं कुठे आहेत त्याच्या खुणा, अडकलेल्यांनी पाठवलेले फोटो, असं सगळं एका पडद्यावर. "कुणाच्या मशीनवर ही लायब्ररी असेल, कुणाच्या नसेल. भानगडच नको," असं म्हणून त्यानं माझी एक प्रत काढली आणि प्रोग्रामच्या पॅकेजमध्येच, म्हणजे ज्या गाठोड्यातून तो सगळीकडे जातो त्यातच, घालून टाकली. ती प्रत म्हणजे मी. त्याचा हेतू चांगला होता. प्रोग्राम जाईल तिथे पहिल्या फटक्यात चालू लागला आणि मला वाटलं, आपण भाग्यवान!

इकडे बाईंना मूळ लायब्ररीत एक चूक सापडली. अर्धवट आलेला फोटो उघडताना ती शेवट न बघता पुढे वाचतच सुटायची आणि प्रोग्रामला घेऊन कोसळायची. बाईंनी ताबडतोब दुरुस्ती केली. सामायिक लायब्ररी जिथे जिथे होती, तिथे ती पोचली. माझ्यापर्यंत कोण येणार? मी पॅकेजच्या आत आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि मग ती दुपार आली! डोंगरावर धुकं उतरलं होतं. एक वडील आणि त्यांची मुलगी कड्यावर अडकले होते. मुलीनं फोटो पाठवला, पण तो निम्मा येतोय तोच फोनची रेंज गेली. नियंत्रण कक्षात सगळे ज्यांना काकी म्हणत, त्यांनी फोटोवर बोट ठेवलं आणि सगळा पडदा काळा! नकाशा गेला, पथकाच्या खुणाही गेल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच.

"अरे, हे बघ काय झालं!" काकींनी शेजारच्या खोलीतल्या पॅकेजवाल्याला हाक मारली. कॉम्प्युटरवरची पॅकेजेस सांभाळणं हे त्याचं काम.

"काकी, ती चूक केव्हाच दुरुस्त झालीय. मीच अपडेट टाकलंय."

"तुझं अपडेट ठेव बाजूला. पोरगी कड्यावर आहे!"

काकींनी कागदी नकाशा पसरला आणि वायरलेस हाती घेतला. पॅकेजवाला खुर्चीवर टेकलासुद्धा नाही. प्रोग्राम कुठली लायब्ररी उघडतो ते त्यानं तपासलं, आणि मी सापडले! "ही बया इथे लपलीय होय!" तो ओरडला. मित्रांनो, इतक्या वर्षांत कुणी माझ्याकडे पाहिलं, याचा मला केवढा आनंद झाला!

त्यानं मला बाजूला सारून सामायिक लायब्ररी जोडली. प्रोग्राम सुरूच होईना. त्यानं प्रोग्रामरला फोन लावला.

"अहो, फोटो आडवे यायचे, म्हणून फिरवायची सोय मी त्या प्रतीत घातली होती," प्रोग्रामर म्हणाला. "मूळ लायब्ररीत ती नाही."

"बाईंना कळवलं नाहीत?"

"कळवणार होतो हो. राहूनच गेलं."

आता वेळ कुठला? दोघांनी फोनवर बोलत बोलत बाईंची दुरुस्ती माझ्यातच बसवली आणि मला नव्यानं बांधून काढलं. काकींनी श्वास रोखून फोटोवर बोट ठेवलं. मी वाचू लागले. फाइल संपली तिथे, मित्रांनो, मी थांबले! वरचा निम्मा फोटो लख्ख उमटला. त्यात कडा होता, आणि कड्यामागे धुक्यातून डोकावणारा पवनचक्कीचा खांब.

"पवनचक्की! म्हणजे ते पलीकडच्या अंगाला आहेत!" काकी वायरलेसवर ओरडल्या. "मागे फिरा, पलीकडून चढा!"

पथक वळलं. अंधार पडायच्या आत मुलगी दोरावरून खाली आली, पाठोपाठ तिचे वडील. काकी टेबलावर डोकं टेकून रडल्या, मग हसल्या.

पॅकेजवाल्यानं मात्र फोन अजून ठेवला नव्हता. "आज ठिगळ लावलं," तो प्रोग्रामरला म्हणाला. "उद्या बाईंनी दुसरी चूक दुरुस्त केली, तर पुन्हा असंच?" प्रोग्रामरनं फोटो फिरवायची सोय बाईंकडे पाठवली. बाईंनी ती तपासली, एक ओळ खोडली आणि मूळ लायब्ररीत घेतली. मग मला पॅकेजमधून काढलं. आता मी जुन्या फाइलींच्या साठ्यात असते. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू?

पण परवा नियंत्रण कक्षात पुन्हा एक अर्धवट फोटो आला. सामायिक लायब्ररीनं होता तेवढा दाखवला. काकी बोलत होत्या, त्या बोलतच राहिल्या. कुणाच्या काही लक्षातही आलं नाही. आमच्या कामाला याहून मोठी शाबासकी कुठली!

मित्रांनो, उद्या तुम्हीही प्रोग्राम लिहाल. आम्हाला सामायिक जागेतच राहू द्या, म्हणजे एकीची दुरुस्ती सगळ्यांना मिळेल. आणि अगदीच आत ठेवावं लागलं, तर ठेवा. फक्त आम्ही आत आहोत हे कुणाला तरी सांगून ठेवा.