घासून गुळगुळीत केलेलं गाणं

पेणच्या गणपती कारखान्यात निलेशचं काम एकच. साच्यातून निघालेली कच्ची मूर्ती पॉलिश पेपरनं घासायची. कुठं सांधा दिसला की त्याच्या बोटांना खाज सुटायची.

पंच्याण्णव साली त्याचा दोस्त अर्शद, त्याच्या मामानं दुबईहून एक कॅसेट आणली. तिथल्या कुणा गोऱ्या क्रेनवाल्यानं दिलेली. निलेशनं ऐकली आणि कानांवर हात ठेवले.

"ह्याला गाना म्हनतात? गळा तरी हाय का त्याला?"

"गळा कशाला पायजे? चीड हाय," अर्शद म्हणाला. "वीस वर्सांपूर्वीची इंग्लंडातली बेकार पोरं ती. शिकवायला कोन नाय. गिटारीवर तीन सूर जमले की स्टेजवर चढायची, फाटके कपडे सेफ्टी पिनांनी जोडून. पंक म्हनतात त्याला. ज्याची चीड, त्याचा नाव घेऊन बोंबलायचा."

चीड निलेशलाही होती. थोरला भाऊ नाथा रोह्याला एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली होता. मशीननं त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली, आणि ठेकेदार विठूशेठनं हजेरीच्या वहीतलं नाथाचं पानच फाडलं. म्हणाला, हा माझा माणूसच नव्हे!

दोघांनी गाणं बांधलं. पत्र्याचा डबा, जुनी गिटार, आणि पुन्हा पुन्हा एकच ओळ: विठूशेठ, नाथाची बोटं कुठं हायत? गणपतीत रोह्याच्या मंडळात म्हणायचं ठरलं. पाहुणा खुद्द विठूशेठ.

नाथा म्हणाला, "मी येतो. त्याच्या समोर माजा नाव निघू दे एकदा."

मग निलेशचे हात शिवशिवले. आधी गाण्यातली शिवी गाळली. मग कंपनीचं नाव गाळलं. "जरा खडबडीत लागतंय रे."

"खडबडीतच पायजे, येड्या! गनपती हाय काय तो?" अर्शद ओरडला. "तिकडंबी असाच झाला. त्याच पिना मागून मोठ्या दुकानांत आल्या, शेटची पोरं लावून फिरली. नाव तेवढा ठेव."

"ठेवतो. आईशप्पत."

कार्यक्रमाला दोघांनी कारखान्यातल्या डिंकानं त्या पंकवाल्या पोरांसारखे केस उभे केले. पहिल्या रांगेत विठूशेठ. तिसऱ्या रांगेत नाथा, इस्त्रीचा सदरा, हात टॉवेलात गुंडाळलेला. निलेशनं तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "देवा, माणसाची माया कुठं?" सुरात. गोड. भीतीच होती ती. आठवडाभर तिला तो सफाई म्हणत आला होता.

अर्शदचा डबा थांबला. तो स्टेजवरून उतरला तो सरळ एसटी स्टँडवर. महिन्याभरात मामाच्या मागं दुबईला गेला, पत्रसुद्धा धाडलं नाही.

इकडं विठूशेठ उभा राहून टाळ्या वाजवत होता. "वन्स मोअर!" आणि निलेशनं ती ओळ परत म्हटली. कुणी मानेवर सुरी ठेवली नव्हती.

संपल्यावर नाथा स्टेजच्या मागं आला. उरलेल्या दोन बोटांचा हात त्यानं भावाच्या खांद्यावर ठेवला.

"गाना बरा झाला रे. पन माजा कडवा कवा झाला? मी मधी पानी प्यायला गेलतो, तवा काय?"

निलेश म्हणाला, "व्हय दादा. तवाच."