धुतलेल्या चिंध्या

शहापूरला आधारच्या केंद्रात माझा अंगठा मशीनवर चौथ्यांदा नापास झाला, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं.

"काय गो बाय, तुजी पन बोटा गेली का?"

मी वळून पाहिलं. बाई सुकून काडी झाली होती. तरी बसण्यावरून मी तिला ओळखलं. एक पाय बाकावर दुमडलेला आणि हात मांडीवर उताणे, तळवे वर. आटगावच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत हिरी अशीच बसायची, बोटांना काही लागू नये म्हणून. तिला पाहून एकतीस वर्षं झाली होती.

"हिरे, तू?"

"मीच. रेशनवाला म्हनतो, अंगठा लागत नाय तं धान्य नाय. तीन फेऱ्या झाल्या."

मशीनवर बसलेला विनोद म्हणाला, "आजी, साबणाने हात धुऊन या एकदा."

"धुतलं रे. आता तुज्या मशीनलाच आंघोळ घाल."

बाकावरची माणसं हसली. मीही हसले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. बसायला नको होतं, की बसले तेच बरं झालं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझ्या अंगठ्याच्या रेषा त्या कारखान्यातच झिजल्या. पंपात बसणाऱ्या पोलादी चकत्या आम्ही घासून सपाट करायचो. बिडाची जाड प्लेट, तिच्यावर तेलात कालवलेली पेस्ट, आणि चकती बोटांनी दाबून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवायची. आधी जाड पेस्ट, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी चकती आरशासारखी व्हायची. पिवळ्या दिव्याखाली तिच्यावर जाड काच ठेवली की रेघा दिसत. त्या सरळ आल्या तर चकती सपाट. केसाहून बारीक चरा असला तरी ती बाद, कारण तेवढ्या वाटेनेही पंप गळतो.

सहा बाया होतो आम्ही. पाच जणी गावातल्या आणि हिरी एकटी आदिवासी वाडीवरची. पहिले काही दिवस तिचा पाण्याचा पेला वेगळा होता. तो वेगळा ठेवणाऱ्यांत मीही होते. मग हनुमान मेस्त्रीला तिच्या बोटाची करामत कळली. ती डोळे मिटून चकतीवरून बोट फिरवायची आणि चरा सांगायची. काचेखाली बघितलं की चरा तिथेच असायचा. मेस्त्रीने तिला शेवटच्या टेबलावर बसवलं. तिथे तिने आधी बोटाने तपासायचं, मग मऊ चिंधीने पुसायचं आणि कागदात गुंडाळून काच ठेवून तपासायच्या खोलीत पाठवायचं. तिची लेक रंगू सात-आठ वर्षांची होती, कधीमधी आईबरोबर यायची. तिलाही चरा कळायचा. "इथं टोचतं," म्हणायची, आणि आम्ही तिला गूळ द्यायचो.

चिंध्यांचा एक नियम होता. जाड पेस्टच्या चिंध्या लाल डब्यात, बारीकच्या पांढऱ्या डब्यात, आणि वापरली की चिंधी टाकून द्यायची. एका उन्हाळ्यात कापडाचा तुटवडा झाला. मेस्त्री म्हणाला, जपून वापरा. माझ्या घरी आईची जुनी लुगडी होती, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. ती मी फाडून नेली. फेकवेनात, म्हणून शनिवारी वापरलेल्या चिंध्या घरी आणल्या, भातसा नदीवर नेल्या, दगडावर आपटून धुतल्या आणि काठच्या वाळूत पसरून वाळवल्या. सोमवारी, हिरी पुसायला जिथून चिंधी घ्यायची त्या पांढऱ्या डब्यात घडी करून ठेवल्या. अशा पांढऱ्याशुभ्र की मेस्त्रीने सगळ्यांना दाखवल्या. "निर्मलाबाईंकडून शिका जरा." मला केवढं बरं वाटलं होतं!

पुढच्या आठवड्यापासून चकत्या बाद व्हायला लागल्या. प्लेट बदलली, पेस्ट बदलली, हात धुवायचं पाणीसुद्धा बदललं. चिंध्यांकडे कोणी पाहिलं नाही. इतक्या स्वच्छ चिंध्यांकडे कोण पाहणार? शेवटचा हात हिरीचा, म्हणून सगळे, कारखान्याचे साहेबसुद्धा, तिच्याकडे बघू लागले.

"साहेब, मी बोट फिरवलं तवा काय नव्हतं," ती म्हणायची.

"मग काचेखाली कुठून आलं?"



तिसऱ्या रविवारी मी पुन्हा नदीवर गेले. चिंधी पिळताना अंगठ्यात काहीतरी टोचलं. उन्हात धरून पाहिलं, तर सुताच्या विणीत वाळूचा कण चमकत होता. मग दुसरा दिसला.

मी सांगणार होते. सोमवारी साहेबांनी सगळ्यांना उभं केलं, तेव्हा तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात साहेब म्हणाले, "जंगलातून उचलून आणलेल्या बाईला नाजूक काम दिलं, ही माझी चूक." दोघी-तिघी हसल्या, आणि मी तोंड मिटलं. डब्यातल्या धरून सगळ्या धुतलेल्या चिंध्या घरी आणून बंबात जाळल्या. हिरीला काढलं त्याच दिवशी मी डब्यात कोरं कापड आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून एकही चकती बाद झाली नाही. साहेबांना पुरावा मिळाला. वाडीलाही मिळाला. आणि हिरीलाही.

आता बाकावर ती सांगत होती. कारखाना सुटल्यावर नवरा-बायको भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली. दिवाळीनंतर जायचं, पावसाआधी परत यायचं. वीस हंगाम काढले. भट्टीच्या मातीने हात सोलून निघाले.

"मशीनची काय चूक?" ती तळवे बघत म्हणाली. "माजं बोट तवाच खोटं पडलेलं. साहेबाला आधी कळलं, मशीनला आज."

असं म्हणून ती हसली. मला ते हसणं सहन झालं नाही.

"हिरे, तुझं बोट खरं होतं," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. लुगडी, नदी, वाळूचा कण, बंब. ती तपासायची तेव्हा चकती चांगलीच असायची, चरा नंतर पुसताना पडायचा, हेही सांगितलं. आवाज खाली ठेवून सांगितलं, कारण बाकावर ओळखीचे दोघे होते. तेव्हाही मला त्यांची लाज वाटत होती.

विनोदने दोन माणसांचे अंगठे घेतले. मग हिरीने समोरच्या टेबलाच्या काचेवर बोट ठेवलं आणि डोळे मिटून हळूहळू फिरवलं. काचेला या कडेपासून त्या कडेपर्यंत चरा होता, मला माझ्या जागेवरूनही दिसत होता. तिचं बोट त्याच्यावरून गेलं आणि थांबलं नाही.

"आता नाय कळत," ती म्हणाली.

"मला माफ कर गं."

"दहा वर्सांनी मेस्त्री वाडीवर आलेला. पोरी पायजे होत्या कंपनीत. रंगूला पाठव म्हनाला, तिला आठवनीत ठेवलेली त्यानं. मीच बोललू, नको. आमच्या बोटात खोट हाय, उद्या तिच्यावर पन आळ येल. भट्टीवर घेऊन गेलू माज्यासंगती."

मला पुढचं माहीत नव्हतं. विचारायचा धीर होत नव्हता, आणि न विचारता उठताही येत नव्हतं.

"रंगू कुठे आहे आता?"

"विटांचा थर पडला अंगावर. दुसऱ्याच हंगामाला."

विनोदने हाक मारली, "हिरी भिमा!" ती उठली. अंगठा, मग तर्जनी, मग एकेक करत दहाही बोटं. मशीनवर दर वेळी लाल दिवा लागला.

"आजी, डोळ्याचं मशीन मागवलंय," तो म्हणाला. "दोघींचं त्याच्यावर करू. बुधवारी या."

हिरीने कागद पिशवीत ठेवला, पदर सावरला. दारापाशी जाऊन माझ्याकडे वळली.

"तू येशील बुधवारी?"

"येईन गं. नक्की येईन."

"मंग मी गुरवारी येन," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.